परगावी गेल्यावर मूल का झोपत नाही?

दिवाळीची सुटी संपली की पहिल्या आठवड्यात एक ठरावीक तक्रार घेऊन येणाऱ्या आयांची माझ्या दवाखान्यात गर्दी होते. मे महिन्याच्या अखेरीसही तोच अनुभव. मूल एक-दीड वर्षाचे, फार तर अडीच वर्षांचे असते. ताप नसतो, जुलाब नसतात, छाती साफ असते. आई मात्र जागरणाने अर्धी झालेली असते. ‘‘डॉक्टर, आठ दिवस गावी होतो, एक रात्र धड झोपला नाही. घरी कसा नऊला गुडूप होतो!’’ सोबत आलेल्या आजी सांगतात की दृष्ट लागली. दुसरे कोणी म्हणते पाणी बाधले. मूल तपासून मी सांगतो की याला काही झालेले नाही, याची फक्त जागा बदलली होती. यावर विश्वास बसायला जरा वेळ लागतो.

अलीकडे या तक्रारीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे घडीची कॉट. चारी बाजूंना जाळी, तळाशी पातळ गादी, आणि घडी घातली की पिशवीत मावणारी. पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असलेली मुले-सुना गावी येताना गाडीच्या डिकीत ती घालून आणतात. सुनेला वाटते की मूल सुरक्षित राहील. आजीला वाटते, ‘‘लेकराला पिंजऱ्यात का कोंडता गं?’’ आणि ज्याच्यासाठी हे सारे चाललेले असते ते मूल त्या जाळीला धरून उभे राहून टाहो फोडते. मग रात्री बारा वाजता कॉट भिंतीला टेकवली जाते आणि दोन्ही बाजूंनी ‘‘मी म्हटलं नव्हतं?’’ सुरू होते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. एक वर्षावरच्या मुलासाठी ही कॉट काही अत्यावश्यक वस्तू नाही. आपल्याकडची मुले वाकळीवर आजीच्या कुशीत वाढली आणि चांगली वाढली. पण लग्नघर डोळ्यांपुढे आणा. हॉलमध्ये वीस माणसे ओळीने निजलेली, अंधारात कोणी ना कोणी उठून बाहेर जाणारे, पहाटे चारला आंघोळीचे पाणी तापत असलेले, जिन्याला कठडा नाही, आणि मुलाला ‘जरा मऊ लागेल’ म्हणून उंच दिवाणावर एकटे निजवलेले. दर सुटीत त्या दिवाणावरून पडून कपाळाला टेंगूळ आणलेली मुले मी पाहतो. एखाद्याला टाके पडतात. अशा घरात चार बाजू बंद असलेली, जमिनीलगतची जागा मुलाला असणे केव्हाही चांगले. प्रश्न एवढाच उरतो की त्या जागेत मुलाने झोपावे कसे.

त्यासाठी मूल झोपते म्हणजे काय होते, ते थोडे समजून घेऊ. आपण समजतो की झोप ही रात्रभराची एकसंध गोष्ट आहे. तसे नसते. झोपेची आवर्तने असतात. मोठ्या माणसाचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे, लहान मुलाचे त्याहून लहान, सुमारे तासाभराचे. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते आणि मूल क्षणभर जागे होते. डोळे किलकिले करते, कूस बदलते, आणि सारे काही झोपताना होते तसेच आहे असे जाणवले की पुन्हा झोपते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण झोपताना आईचा हात अंगावर होता आणि आता नाही, झोपताना झोळी हलत होती आणि आता अंथरूण थांबलेले आहे, झोपताना मांडी होती आणि आता जाळी आहे, असे झाले तर मूल पूर्ण जागे होते. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आपण आपल्या घरात झोपलो आणि मध्यरात्री एस.टी. स्टँडच्या बाकावर जागे झालो, तर आपण तरी ‘असो’ म्हणून कूस वळवू काय?

मोठ्या माणसांनाही नव्या जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हे आपण अनुभवाने जाणतोच. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली याचा उलगडा करणारा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी प्रौढांना प्रयोगशाळेत झोपवून त्यांनी मेंदूची नोंद घेतली. नव्या जागेतील पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि बारीक आवाजालाही चटकन जाग देतो, असे त्यांना आढळले. जणू एक पहारेकरी जागा ठेवलेला. त्याच माणसांना पुन्हा त्याच जागी झोपवले तेव्हा हा फरक राहिला नाही. हा अभ्यास मोठ्यांचा आहे, मुलांचा नाही. पण जागा ओळखीची झाली की पहारा उठतो, ही गोष्ट दवाखान्यात मुलांच्या बाबतीतही मला दिसते. शिवाय साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला आई नजरेआड झाली की भीती वाटू लागते. दीड वर्षापर्यंत ही भीती ऐन भरात असते. नेमक्या याच वयात आपण त्याला अनोळखी घरात, अनोळखी माणसांत, अनोळखी जाळीच्या आत ठेवतो आणि ते हट्टी आहे म्हणतो.

तेव्हा उपाय उघड आहे. घर बरोबर नेता येत नाही, पण अंथरूण नेता येते. ते अंथरूण निघण्यापूर्वी मुलाच्या ओळखीचे करावे.

निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी

कॉट खोक्यात बांधून ठेवून ऐनवेळी गावी उघडणे, ही सर्वांत मोठी चूक. ती आधी घरी, बैठकीच्या खोलीत, दिवसा उघडावी. पहिले दोन-तीन दिवस झोपेचे नावही काढू नये. मुलाची खेळणी आत टाकावीत, मुलाला आत ठेवून आपण बाहेर बसून जाळीतून ‘कुक’ करावे. पाच मिनिटे झाली आणि कंटाळले की लगेच बाहेर काढावे. आत गेले की बाहेर येता येते, ही खात्री त्याला पटली पाहिजे. शिक्षा म्हणून मात्र कधीही आत ठेवू नये. ‘‘ऐकलं नाहीस तर कॉटमध्ये टाकीन’’ असे एकदा म्हटले की पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

मग दुपारची झोप तिथे सुरू करावी. दुपारी उजेड असतो, घरात आवाज असतात, भीती कमी असते. ती जमली की चार-पाच दिवसांनी रात्रीची झोप. सुरुवातीला कॉट आपल्या अंथरुणाला अगदी लागून ठेवावी, म्हणजे हात आत घालून थोपटता येते. मूल गाढ झोपल्यावर आत ठेवण्यापेक्षा पेंगुळलेले पण थोडे जागे असताना ठेवावे. झोप त्याच जागी लागली तर मध्यरात्री जाग आल्यावर ती जागा परकी वाटत नाही.

अंथरूण-पांघरुणाबाबत एक युक्ती सांगतो, जी ऐकून काही आयांना नवल वाटते. प्रवासाला निघायच्या आधल्या दिवशी मुलाची चादर धुऊ नका. दोन-तीन रात्री वापरलेली, घराचा आणि आईचा वास असलेली तीच चादर तशीच घडी करून न्या. नातेवाइकांकडे कोरी करकरीत चादर घालायची, ही आपली सभ्यता झाली. मुलाला वास हवा असतो. आईची जुनी मऊ सुती साडी चारपदरी करून गादीखाली घट्ट खोचली तरी चालते. एखादी बाहुली किंवा दुपटे हाती धरून झोपायची सवय असेल तर ते विसरू नका. शक्य असेल तर त्याची जोडी ठेवा, कारण अशी दुपटी नेमकी एस.टी.त राहतात.

आपल्या जिल्ह्यात कॉटपेक्षा झोळी कितीतरी जास्त घरांत आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. साडीची झोळी हीच खरी तर आपली प्रवासी कॉट. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुले फडाच्या कडेला झाडाला बांधलेल्या झोळीतच झोपतात. परंतु झोळीत झोपणाऱ्या मुलाची झोप हेलकाव्यावर टांगलेली असते. असे मूल परगावी सपाट अंथरुणावर किंवा कॉटमध्ये ठेवले की त्याचा रडून आकांत होतो. अशा मुलासाठी दोनऐवजी तीन आठवडे हाताशी ठेवावेत. आधी काही रात्री झोका नेहमीपेक्षा हळू द्यावा. मग डोळे जड झाले की झोका थांबवून फक्त थोपटावे. मग झोळी न हलवता झोपवायचा प्रयत्न करावा आणि शेवटी अंथरुणावर आणावे. एखादी रात्र बिघडली तर एक पायरी मागे यावे, घाई करू नये. ज्यांना गावीही झोळीच बांधायची आहे त्यांनी आढ्याचा किंवा कडीचा भार आधी स्वतः लोंबकळून तपासावा, झोळी जमिनीपासून कमी उंचीवर बांधावी आणि मोठ्या भावंडांना तिच्याशी एकटे खेळू देऊ नये. कापडाला पीळ बसून मानेभोवती फास बसण्याचा धोका त्यात असतो.

आणि एक. दूध तोडणे, शी-शूची सवय लावणे, धाकट्या भावंडाच्या आगमनामुळे आजीकडे झोपवणे, यांपैकी काहीही याच सुटीत सुरू करू नये. मुलाला एका वेळी एक बदल पुरे.

मुक्कामी पोचल्यावर

घरी झोपण्यापूर्वी जो क्रम असतो तोच क्रम तिथेही चालवावा. अंग पुसणे, कपडे बदलणे, दूध, दात पुसणे, एखादी गोष्ट किंवा अंगाई, आणि दिवा मंद. हा क्रम वीस मिनिटांचा असला तरी चालेल, पण रोज तोच हवा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते. गावी होते असे की दुपारी पाहुणे भेटायला येतात म्हणून दुपारची झोप बुडते, आणि रात्री काका उशिरा पोचतात म्हणून झोपलेल्या मुलाला उठवून ‘‘ओळख बरं मी कोण?’’ होते. अति दमलेले मूल लवकर झोपेल हा समज चुकीचा आहे. ते उलट चिडते, उत्तेजित होते आणि रात्री अधिक वेळा उठते. दुपारची झोप चुकवू नका. आलेल्यांना सकाळी भेटा म्हणून सांगायला संकोच वाटत असेल तर ते काम आजोबांवर सोपवावे. त्यांचे कोणी मनावर घेत नाही.

शक्य असेल तर कॉट संध्याकाळी उजेड असतानाच लावावी आणि मुलाला तिच्यात थोडे खेळू द्यावे. पहिल्या रात्री आईने किंवा वडिलांनी शेजारीच झोपावे. मूल उठून रडले तर मोठा दिवा न लावता, हलक्या आवाजात बोलत हात आत घालावा. घाबरून थरथरत असेल तर खुशाल उचलून छातीशी धरावे आणि शांत झाल्यावर परत ठेवावे. ‘रडू द्या, आपोआप झोपेल’ ही पद्धत परक्या घरी आजमावू नये. मुलाच्या भीतीला तिथे खरे कारण आहे, आणि दुसऱ्या खोलीतल्या मंडळींच्या उसाशांनी आईचा धीर तसाही टिकत नाही. बहुतेक मुले दोन ते तीन रात्रींत रुळतात. तीन रात्रींनीही जमले नाही तर जमिनीवर गादी घालून मुलाला जवळ घ्यावे, यात कोणाचा पराभव नाही.

रेल्वेच्या प्रवासात कॉट उपयोगाची नाही. खालचा बर्थ घ्यावा, मुलाला भिंतीच्या बाजूला आणि आईने कडेला निजावे. बर्थला जोडायचा मुलांचा छोटा बर्थ रेल्वेने २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलच्या एका डब्यात प्रायोगिक तत्त्वावर बसवला होता. परदेशातून येणाऱ्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांचे घड्याळच उलटे झालेले असते. वेळेच्या प्रत्येक तासाच्या फरकाला साधारण एक दिवस, असा ढोबळ हिशेब धरावा आणि सकाळी त्यांना भरपूर उन्हात खेळवावे. चार दिवसांच्या मुक्कामात त्या मुलाने आपल्या वेळेला झोपावे ही अपेक्षा ठेवू नये.

आता कॉटच्या सुरक्षिततेबद्दल, कारण आजी म्हणतात तो ‘पिंजरा’ नीट लावला नाही तर खरोखरच घातक ठरू शकतो. १९९८ साली अमेरिकेत शिकागो येथे पाळणाघरात झोपलेले एक मूल घडीच्या कॉटचे कठडे आतल्या बाजूला मिटल्याने त्यात मान अडकून दगावले. ती बनावट धोकादायक म्हणून १९९३ मध्येच परत मागवलेली होती, पण पाळणाघरात ती वापरातच राहिली होती. त्या मुलाच्या आईवडिलांनी पुढे जी चळवळ केली तिच्यामुळे तिकडे २००८ च्या कायद्यात अशा वस्तूंच्या कसून चाचणीची तरतूद झाली. आपण एवढे करावे की कॉट उघडल्यावर प्रत्येक कठडा ‘खट्’ आवाज होऊन अडकला की नाही, हे हाताने दाबून पाहावे. वरून जोर दिल्यावर कठडा खाली येत असेल तर त्या कॉटमध्ये मूल ठेवू नये. कोणाकडून जुनी कॉट मागून आणली असेल तर ही परीक्षा दोनदा घ्यावी.

सासूबाई मायेने म्हणतात, ‘‘ही गादी किती पातळ, खाली अजून एक घाल.’’ घालू नका. जादा गादीमुळे कडेला फट राहते, त्यात मुलाचे तोंड अडकते, आणि कठड्याची उंचीही तेवढी कमी होते. मोठ्या उशा आणि मोठी खेळणी आत ठेवल्यास हुशार मूल त्यावर पाय देऊन बाहेर येते. पडद्याची दोरी, चार्जरची वायर, ओढणी हाताच्या टप्प्यात नको. मच्छर अगरबत्ती कॉटजवळ लावू नये. त्यापेक्षा कॉटवर मच्छरदाणी ताणून, तिची टोके बाहेरून खोचावीत. बाळांची छत्रीसारखी उघडणारी जाळी लोळणाऱ्या मुलाला उपयोगाची नाही, कारण मूल जाळीला चिकटते आणि डास बाहेरून चावतात. बहुतेक कॉटवर १३ ते १५ किलोची मर्यादा लिहिलेली असते. उभे राहिल्यावर कठडा मुलाच्या छातीपर्यंतच येऊ लागला किंवा पाय टाकून चढायला शिकले, की कॉटचे दिवस संपले. मूल एक वर्षाच्या आतले असेल तर नियम अधिक कडक आहेत: पाठीवर, सपाट व घट्ट गादीवर निजवावे आणि आत उशी, गोधडी, मऊ खेळणे काहीही नको.

झोपेचे औषध? नाही.

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहितो. प्रवासाला निघण्याआधी ‘‘डॉक्टर, रात्रीपुरतं झोपेचं काहीतरी द्या’’ अशी मागणी करणारे चांगले शिकलेले पालक मला भेटतात. मी नाही म्हटले की सर्दीचे किंवा उलटीचे जुने औषध घरात असतेच. त्याने झोप येते हे सर्वांना माहीत झालेले आहे. अशा औषधांपैकी प्रोमेथाझिन हे २ वर्षांखालील मुलांना मुळीच देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली त्याच्या माहितीपत्रकात छापायला लावला. श्वास मंदावून मुले दगावल्याच्या नोंदी झाल्या होत्या. आपल्या देशातही क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण असलेले सर्दीचे औषध ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. धावत्या बसमध्ये, अंधारात, मांडीवरचे मूल शांत झोपले आहे की श्वास घ्यायला कमी पडते आहे, हे कोणाला कळणार?

घरगुती उपायांचेही तेच. बाळगुटीत जायफळाचा एखादा वेढा असतो, पण गावी मूल झोपत नाही म्हणून कोणी चार वेढे, कोणी आठ वेढे उगाळते. जायफळ जास्त झाले तर विषारी ठरते, आणि सहाणेवरच्या वेढ्यांना काही माप नसते. ब्रँडीचे थेंब तर मुळीच नकोत. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत. त्यांचा नाइलाज होता, मुलाला सांभाळायला घरी कोणी नव्हते. आपल्याकडे घरभर माणसे असतात.

झोप न येण्यामागे कधी खरोखर आजार असतो. मूल एकाच बाजूचा कान ओढत असेल, आडवे ठेवताच किंचाळत असेल, ताप असेल, रात्री घोरत असेल किंवा श्वास घेताना बरगड्या आत जात असतील, तर जागाबदल म्हणून स्वस्थ न बसता तेथील डॉक्टरांना दाखवावे. कॉटमध्येच रडते आणि मांडीवर ताबडतोब हसते, अशा मुलाचा कान दुखत नसतो.

घरी परतल्यावर दोन-चार रात्री पुन्हा गाडी बिघडते. गावी आजीच्या कुशीत झोपायची चटक लागलेली असते. जुना क्रम शांतपणे पुन्हा सुरू करावा, आठवडाभरात घडी बसते. कॉटची घडी घालण्यापूर्वी मात्र तिची गादी आणि जाळी पुसून कडक उन्हात चांगली वाळवावी. ओलसर ठेवली तर बुरशी धरते, आणि पुढच्या सुटीत पिशवी उघडताच येणारा तो कुबट वास मुलाच्या ओळखीचा नसतो.